न घेतलेली खीर

पिशोरजवळच्या आमच्या गावात आई माझ्याबद्दल कुणालाही सांगताना म्हणते, "त्याला लहानपणापासून गोडाची लई आवड." ती हे कौतुकानं सांगते. आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेला पहिला मी, आणि पदवी घेतलेलाही पहिला मीच. प्रत्येक निकालानंतर मी पेढे घेऊन घरोघर जायचो. ज्या गुरुजींनी फॉर्म भरून दिले, ज्या चुलत्यांनी शहरात राहायची सोय लावली, ज्या शेजाऱ्यांनी वीज गेल्यावर कंदील दिला, त्या सगळ्यांकडं. ते त्याच डब्यातला एक पेढा उचलून माझ्या तोंडात घालायचे. शिक्षण, उपकार आणि पेढा ही तिन्ही माझ्या मनात तेव्हापासून एका डब्यात बसली आहेत. ती वेगळी करता येतात का, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

आता मी संभाजीनगरात एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पगार वेळेवर होतो, घर स्वतःचं आहे, बायको समजूतदार आहे, मुलगी शाळेत जाते. तक्रार करावी असं काही नाही. तरीही तास संपला की माझे पाय स्टाफरूममधल्या बिस्किटांच्या कपाटाकडं वळायचे. घरी जाताना टीव्ही सेंटरच्या चौकात थांबून बालुशाही घ्यायची, स्कूटरला टेकून उभ्याउभ्या संपवायची, चूळ भरायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं घरात शिरायचं. घरी मग चहाबरोबर बायको जे देईल तेही खायचं. हे सगळं उघडकीला आणलं मुंग्यांनी. स्कूटरच्या डिक्कीत त्यांची रांग लागली होती. बायकोनं डिक्की उघडून बघितली आणि म्हणाली, "साखर कारखान्याचा ठेका घेतला का हो तुम्ही?" ती हसली, मीही हसलो. पण त्या दिवसापासून ती माझ्या हातांकडं बघायला लागली.

डॉक्टरांकडं गेलो. रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग मला नक्की झालंय काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, काही नाही, गोड कमी करा. जमत नाही म्हणालो, तर म्हणाले, मनावर घ्या. मी मनावर घेणारा माणूस आहे. मनावर घेतल्याशिवाय आमच्या गावातून कुणी इतिहासात एम. ए. करत नाही. पण ही एकच गोष्ट मनावर घेऊनही हातात येत नव्हती. रिपोर्ट चांगला येऊनही मी रुग्णासारखा घाबरत होतो, आणि हे सांगायचं कुणाला ते कळत नव्हतं. दारू सुटत नाही म्हणणाऱ्या माणसाला लोक गंभीरपणे घेतात. बालुशाही सुटत नाही म्हटलं की हसून टाळी मागतात.

सिडकोतल्या एका वाचनालयात पेपर चाळताना फळ्यावर चिकटवलेला कागद दिसला. 'गोड सुटत नाही? रविवारी सकाळी वरच्या खोलीत या. बोलू.' मला वाटलं, मधुमेहावरचं व्याख्यान असेल. वही-पेन घेऊन गेलो. तिथं व्याख्यान नव्हतं. सतरंजीवर काही माणसं गोल बसली होती. साडीच्या दुकानात काम करणारे एक काका होते, कॉलेजातली एक मुलगी होती, दोन-तीन गृहिणी होत्या, आणि मध्ये बसलेल्या बाई होत्या. त्या शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या, आता निवृत्त. आयुष्यभर खो-खोचे संघ तयार केलेले. त्यांनी आधी स्वतःचं सांगितलं. मुलांना बक्षीस द्यायला त्या कपाटात चॉकलेटं ठेवायच्या. "एवढ्या वर्षांत एकाही मुलाला चॉकलेट मिळालं नाही," त्या म्हणाल्या. कुणी टाळी मागितली नाही. साडीवाल्या काकांनी नुसती मान हलवली. मला त्या मान हलवण्याचा इतका आधार वाटला की मी वही पिशवीत ठेवून दिली.

बाईंची शिकवायची पद्धत मैदानावरची. कारणं चालत नाहीत, सराव चालतो. त्यांचं पहिलं सांगणं असं होतं की कुणी गोड पुढं केलं तर 'नको' म्हणायचं आणि थांबायचं. कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरचा त्याला उत्तर शोधतो. आज उपवास म्हणालात तर साबुदाण्याची खीर आणतो. दुसरं असं की पाण्याची बाटली कायम जवळ ठेवायची. ओढ लागली की आधी पाणी प्यायचं, पोट भरलेलं वाटतं आणि हात गुंततात. तिसरं, प्रत्येकाला एक जोडीदार. खाण्याआधी त्याला फोन करायचा. खाऊन झाल्यावर नाही. मी वर्गात पहिल्या बाकावर बसून शिकलेला मुलगा. सांगितलेलं सगळं जसंच्या तसं करायचं, एवढंच मला येतं. ते मी केलं.

माझा जोडीदार वीज कंपनीत इंजिनिअर आहे. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच घरातला पहिला पदवीधर. त्याचं गाव सोयगाव तालुक्यात. दुसऱ्याच्या कपाशीत राबून आईवडिलांनी त्याला शिकवलं. त्यांचं कुटुंब बौद्ध आहे, आमचं जमीनवालं. हे आम्हा दोघांना पहिल्या दिवशीच आडनावांवरून कळलं होतं आणि त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. आम्ही साखरेबद्दल बोलायचो. तो मला सर म्हणायचा, मी त्याला भाऊ. संध्याकाळी चौकातून त्याला फोन लावायचा आणि म्हणायचं, समोर दुकान आहे. तो विचारायचा, गरम आहे का थंड? गरम म्हटलं तर म्हणायचा, मग थांबा, थंड झाल्यावर तिला काही चव राहत नाही. असं बोलता बोलता मी चौक ओलांडून पुढं गेलेलो असायचो. बालुशाही सुटली ती बाईंमुळं आणि त्याच्यामुळं. आजवर मला ज्यांनी ज्यांनी वर काढलं त्यांत हा माणूस आहे, असं मला मनापासून वाटायला लागलं होतं.

त्यानं छावणीच्या पुढं घर बांधलं. उन्हाळ्यात गृहप्रवेश ठेवला. भन्ते येणार होते, वंदना होती, नंतर जेवण. मला कॉलेजात परीक्षेचं काम होतं, म्हणून डबा तिथंच खाऊन मी दुपारी उशिरा पोचलो. जेवणं आटोपली होती. जोडीदार भन्तेंना विहारात सोडायला गेला होता, त्याची बायको आत पाहुण्यांत होती. बाहेरच्या खोलीत त्याचे वडील बसले होते. पांढरा सदरा, निळी टोपी, ताठ पाठ. मी नमस्कार केला. त्यांनी खुर्ची दिली, आडनाव विचारलं, गाव विचारलं. पिशोरकडचे म्हटल्यावर म्हणाले, "व्हय का. पिशोरचा बाजार मोठा." मग ते स्वतः उठून आत गेले आणि खिरीची वाटी घेऊन आले.

ती खीर मला अजून दिसते. दाट, वर चारोळी, वेलदोड्याचा वास. मी म्हणालो, "नको, बाबा." आणि थांबलो, शिकवलं होतं तसं. त्यांनी वाटी स्टुलावर ठेवली. म्हणाले, जेवून तरी घ्या. मी म्हणालो, जेवून आलोय. चहा सांगतो म्हणाले. चहा तयारच होता, साखर घातलेला. मी म्हणालो, नको. वाटी हाताच्या अंतरावर होती. माझी मान तिच्याकडं वळायला लागली तशी मी पिशवीतून बाटली काढली आणि गटागटा पाणी प्यालो. अर्धी बाटली संपवली. बाबा बघत होते. मग ते म्हणाले, "असू द्या. जबरदस्ती नाय." वाटी उचलून त्यांनी आत नेली. खोलीत वास तसाच राहिला. मला तिथं बसवेना. पुन्हा येतो असं सांगून मी निघालो. जोडीदाराची वाटही बघितली नाही.

आणि मी खूश होतो. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण त्या दुपारी छावणीतून स्कूटरवर जाताना मी अक्षरशः गुणगुणत होतो. घरी पोचल्यावर बाईंना फोन करून सांगितलं, जमलं. त्या म्हणाल्या, शाबास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जोडीदाराचा फोन आला. नेहमी मी करायचो, त्या दिवशी त्यानं केला.

"सर, काल तुम्ही घरात बसून बाटलीतलं पाणी प्यालात का?"

"हो. खीर समोर होती. बाई सांगतात ना, म्हणून."

"मला माहितीय. मीपण तेच करतो." मग म्हणाला, "बाबांनी मला एकच विचारलं. म्हणाले, तुझा सोबती पाणी घरून घेऊन येतो व्हय?"

मला कळायला काही क्षण लागले. मी कॉलेजात दर वर्षी महाडच्या तळ्याचा पाठ शिकवतो. माणूस कुणाच्या हातचं पाणी पितो आणि कुणाच्या हातचं पीत नाही, यावर मी मुलांना निबंध लिहायला लावतो. आमच्या गावच्या घराला बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात दांडी तुटलेला एक कप असायचा. तो कुणासाठी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. एवढं सगळं माहीत असलेला मी त्या खोलीत बसून जेवणाला नाही म्हणालो, खिरीला नाही म्हणालो, चहाला नाही म्हणालो आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यालो.

मी म्हणालो, तुम्ही त्यांना खरं कारण सांगितलं नाही का? तो म्हणाला, सांगितलं. बाबा म्हणाले, साखरेचा रोग मला नको सांगू, मी लई रोग ऐकलेत. मग जोडीदारानंच उलगडून सांगितलं. त्याच्या बहिणीच्या लग्नात बाबांनी गावातल्या मोठ्या घरांना आवतण दिलं होतं. माणसं आली, मांडवात बसली, आहेर दिला. एकाला उपवास निघाला, एकाचं पोट बरं नव्हतं, एकानं आत्ताच घरी चहा घेतला होता.

म्हणजे मी कारण दिलं असतं तर ते त्याच माळेत बसलं असतं. आणि दिलं नाही, तर त्यापेक्षा वाईट झालं. मी रात्रीच्या जेवणाला बसलो तरी हेच फिरत होतं. बायकोला सांगितलं. तिनं भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाटली तरी पिशवीत ठेवायची होती." तिला एवढंच सुचलं आणि ते बरोबरच होतं, पण तेवढ्यानं सुटणारं ते नव्हतं.

जोडीदार फोन उचलायचा, पण आता तो 'गरम का थंड' विचारत नव्हता. नुसतं म्हणायचा, नका खाऊ, सर. मी नव्हतो खात. पण ज्या आवाजाच्या जोरावर चौक ओलांडायचो तो आवाज पातळ झाला होता. तो माणूस गमावला तर बालुशाही परत येणार, हे मला दिसत होतं. आणि तो माणूस मला बालुशाही टाळण्यासाठी हवाय की तो माणूस म्हणूनच हवाय, असाही एक किडा डोक्यात शिरला.

रविवारी मी सगळं गटात मांडलं. जोडीदार समोरच बसला होता, सतरंजीचा दोरा ओढत. साडीवाले काका म्हणाले, त्यात काय, जा आणि त्यांच्यासमोर एक वाटी खीर खाऊन या, विषय संपला. एका वाटीनं काय होतं? दोन-तीन जणांनी होकार दिला. आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरोखर सुटलं, मला गिळावं लागलं. मी एका म्हाताऱ्या माणसाचा मान दुखावलाय, त्याची भरपाई करायची आहे, आणि भरपाईच्या नुसत्या कल्पनेनं मला वेलदोड्याचा वास येतोय. यातलं पश्चात्ताप किती आणि जिभेचं किती, हे मला वेगळं काढता येईना. हेही मी तिथं बोलून टाकलं. कॉलेजातली मुलगी म्हणाली, काका, मला पण आत्ता सुटलं.

सगळ्यांनी बाईंकडं बघितलं. बाईंकडं नेहमी उत्तर असतं. त्या दिवशी त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून सतरंजीवर ठेवली. मग म्हणाल्या, "असा डाव मी मैदानावर पाहिलेला नाही. 'नको' म्हणून थांबा, हे मी शिकवलं. ते सगळ्या घरांत सारखं ऐकू जात नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं." 

जोडीदार मान वर न करता म्हणाला, "माझ्यासाठी खीर खाऊ नका, सर. आज माझ्या नावानं खीर खाल, उद्या माझ्या नावानं श्रीखंड खाल."

लोक हसले. मी विचारलं, "आणि बाबांसाठी?"

"ते बाबांना विचारा. मी काय त्यांचा वकील आहे?"

तो पुढच्या आठवड्यात गावी जाणार होता. मी म्हणालो, येऊ का? तो म्हणाला, रस्ता सगळ्यांचा आहे. मी ते हो असं धरलं.

त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. अजिंठ्याचा घाट उतरताना ऊन असं लागत होतं की घशाला कोरड पडली. बाटली मी मुद्दाम घरी ठेवली होती. कोनाड्यातल्या कपाचं बाबांना सांगायचं, असं वाटेत ठरवत होतो. कसं सुरू करायचं याची वाक्यंही जुळवली होती.

बाबा ओट्यावर बाजेवर बसले होते. मला बघून या म्हणाले, शेजारी जागा करून दिली. पाण्याचा रांजण दारातच होता, वर तांब्या पालथा. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, कोण, कुठला हे नंतर. बाबांनी पाणी दिलं नाही. रस्त्याचं विचारलं, उन्हाचं विचारलं, माझ्या मुलीचं विचारलं. पाण्याकडं ते बघतही नव्हते. जोडीदार उठायला लागला तर त्यांनी त्याला हातानं बसवलं. मला आधी वाटलं, विसरले. मग लक्षात आलं की आपण तांब्या पुढं करायचा आणि समोरच्यानं नको म्हणायचं, हे त्यांना पुन्हा बघायचं नव्हतं.

मी म्हणालो, "बाबा, पाणी द्या."

त्यांनी माझ्या पिशवीकडं बघितलं. "बाटली नाय आणली?"

"नाही."

ते उठले. तांब्या सरळ केला, रांजणात बुडवला, काठोकाठ भरून माझ्या हातात दिला. मी प्यालो. थोडं सदऱ्यावर सांडलं. रिकामा तांब्या परत दिला तर त्यांनी पुन्हा भरला. तोही प्यालो. मग ते आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, "चहा टाक गं." आणि मला विचारलं, "का तेबी नको?"

मी म्हणालो, बिनसाखरेचा घेईन. आतून त्याची आई म्हणाली की बिनसाखरेचा चहा पाहुण्याला देत नसतात, गावात काय सांगायचं, साखर संपली होती म्हणून? बाबा खाली बघून हसले, मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आमच्या घरी साखर नव्हती तवा तुमी लोक येत नव्हते. आता साखर आली, तर तुमाला नको झाली."

जोडीदार मोठ्यानं हसला. आतून त्याची आईही हसली. मी हसावं का, ते मला कळेना. हा टोमणा होता की दार उघडणं होतं? मी अर्धवट हसलो, ते बहुधा वाईट दिसलं असेल. चहा आला, बिनसाखरेचाच. बाबांनी स्वतःलाही तसाच घेतला. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, म्हणाले, हे काय पितंय माणूस, आणि आतून साखरेचा डबा मागवून आपल्या कपात दोन चमचे घातले. डबा त्यांनी आमच्या मध्ये ठेवला नाही. आत पाठवून दिला. ते मी पाहिलं.

दुपारी कळण्याची भाकरी होती, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, बरोबर ठेचा आणि वांग्याची भाजी. मी पोटभर जेवलो. त्याची आई वाढत होती आणि मी कशालाही नको म्हणत नव्हतो. नको हा शब्दच मी त्या दिवशी गिळून टाकला होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा जोडीदार म्हणाला, सर, ठेच्याला नको म्हटलं तर चालतं. कोनाड्यातल्या कपाचं मी बोललो नाही. जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. ते सांगून मला हलकं वाटलं असतं, बाबांना काय वाटलं असतं ते मला ठरवता येईना.

निघताना बाबांनी वर्तमानपत्रात बांधलेली गुळाची ढेप दिली. "पोरीला द्या. आन रोग बरा झाला की तुमी बी खा." मी दोन्ही हातांनी घेतली. मग घाटापर्यंत आमचं वेगळंच चाललं. तुम्ही धरा, नाही तुम्हीच धरा. दोघांनाही ती आपल्या पिशवीत नको होती. शेवटी ती हँडलला टांगली आणि शहर येईपर्यंत गुळाचा वास वाऱ्यावर मागं येत राहिला. मध्येच तो म्हणाला, "गरम का थंड, सर?" मी म्हणालो, उन्हानं गरम झालाय. तो म्हणाला, "मग थांबा."

बायकोनं गूळ वरच्या फळीवर ठेवला. मुलीनं खाल्ला, बायकोनं पोळ्या केल्या, शेजारी वाटला. मला फळी माहीत होती. त्या दिवसांत मी बऱ्याचदा फोन केला. त्यानं प्रत्येक वेळी उचलला.

पावसाळा लागल्यावर बाबांचा फोन आला. जोडीदाराच्या फोनवरून नाही, त्यांच्या स्वतःच्या. त्यांनी विचारलं, "गूळ कसा निघाला?"

बायको समोरच होती. फोन तिच्याकडं द्यावा असं वाटलं. तिनं खाल्ला होता, तिला सांगता आलं असतं. चांगला निघाला म्हणालो असतो तर ते खोटं, आणि खाल्ला नाही म्हणालो तर पुन्हा तीच खोली, तीच वाटी. मी म्हणालो, "पोरीनं खाल्ला, बाबा. मंडळींनी खाल्ला. मी नाही खाल्ला. मला अजून जमत नाही. एक खडा खाल्ला तर मी थांबणार नाही."

पलीकडं पाऊस पडत असल्याचा आवाज येत होता.  मी हॅलो म्हणालो.

"हाय, हाय," ते म्हणाले. "मंग पुढच्या बारीला गूळ नाय देत. शेंगा देतो."

आणि फोन ठेवला. त्यांना माझा रोग पटला की त्यांनी माझा नाद सोडला, मला माहीत नाही. बायकोनं विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, शेंगा देणार आहेत. ती म्हणाली, बरं झालं, शेंगांना मुंग्या लागत नाहीत.